बीचवरची ११० सीसी एटीव्ही सेल्फ मारूनही चालू होत नसेल तर काय काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं

दसरा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. नागाव, काशीद, मुरुड, सगळीकडची बीचवर एटीव्ही (जाड टायरच्या चारचाकी गाड्या) भाड्याने फिरवणारी पोरं, आणि सगळ्यांचं बोलणं एकच, दादा गाडी पावसाआधी एकदम ओके होती, ताडपत्री टाकून ठेवलेली, आज बाहेर काढली तर चालूच होईना. दिवाळीची सुट्टी तोंडावर, सगळ्या सीझनची कमाई त्या पंधरा-वीस दिवसांत, आणि गाडी अंगणात उभी. मग घाईघाईत कुणीतरी गॅरेजवाल्याकडे जातो, तो सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा छोटा डबा) बदलतो, कॉईल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) बदलतो, अख्खा कार्ब्युरेटर नवा टाकतो, चार-पाच हजार जातात आणि शेवटी निघतं काय तर ब्रेकच्या लिव्हरमागचा एक छोटा स्विच खाऱ्या हवेने जाम झालेला. हे माझ्यासमोर इतक्या वेळा झालंय की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकतो.

हे सगळं ११० आणि १२५ सीसीच्या त्या छोट्या चायनीज इंजिनवाल्या एटीव्हीबद्दल आहे, कार्ब्युरेटरवाल्या, सेल्फ स्टार्टवाल्या, ज्यांना बहुतेक वेळा किकच नसते. इंजिन घाबरण्यासारखं अजिबात नाही. होंडाच्या जुन्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनची ती नक्कल आहे, आणि आपली स्प्लेंडर त्याच घराण्यातली. ११० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ४९.५, स्प्लेंडरच्या ९७.२ सीसीचा बोअर ५० आणि स्ट्रोक तोच ४९.५. म्हणजे ज्या मिस्त्रीने आयुष्यभर स्प्लेंडर उघडल्यात त्याला हे इंजिन परकं नाही. त्याला परकं असतं ते वायरिंग, कारण या गाड्यांत गाडी चालू होऊ नये म्हणूनच चार-पाच स्विच लावलेले असतात, लहान मुलांसाठी बनवलेली गाडी म्हणून.

आधी लक्षण ओळखा, बटण दाबलं की नक्की काय होतं ते

यात घाई करू नका, शांत जागी उभे राहा आणि कान देऊन ऐका. मला फोनवर कुणी नुसतं 'चालू होत नाही' म्हणालं तर मी आधी हेच विचारतो.

बटण दाबल्यावर काहीच नाही, ना आवाज ना हालचाल. याचा अर्थ सेल्फपर्यंत करंटच जात नाही, म्हणजे चावी, फ्यूज, ब्रेकचा स्विच, न्यूट्रल किंवा पूर्ण मेलेली बॅटरी.

टकटकटकटक असा भराभर आवाज येतो पण इंजिन फिरत नाही. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल गंजलंय. एकदाच जोरात 'टक्' होऊन गप्प बसत असेल तर रिलेचे (बटण दाबलं की सेल्फला करंट जोडणारा स्विच) आतले पॉईंट किंवा सेल्फ मोटर.

सेल्फ घर्रर्र करून फिरतो पण आतलं इंजिन फिरल्यासारखं वाटत नाही, आवाज एकदम मोकळा. हा सेल्फचा वन-वे क्लच (सेल्फचं फिरणं इंजिनला देणारा भाग), हा घरचा उद्योग नाही, हे पुढे बोलू.

इंजिन मस्त फिरतंय पण पेटत नाही. हे सगळ्यात जास्त वेळा. यात दोनच बाजू, एक तर ठिणगी नाही नाहीतर पेट्रोल नीट नाही, आणि क्वचित कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

चालू होते, दहा मिनिटं चालते, मग बंद पडते आणि थोड्या वेळाने परत चालू होते. थंड असताना एका बटणात चालू पण गरम झाल्यावर अजिबात नाही. ही दोन लक्षणं दिसायला सारखी पण कारणं वेगळी, दोन्हींवर खाली लिहिलंय.

आता तपासणी. क्रम मोडू नका, कारण मी तो फुकट ते महाग असाच लावलाय. आणि एका वेळी एकच गोष्ट करा, मग बटण मारून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली तर पुढच्या वर्षी तुम्हाला कळणारच नाही नक्की काय बिघडलं होतं.

फुकटातलं पहिलं काम, सगळे स्विच

गाडी न्यूट्रलला आहे का हे दिव्यावर विश्वास न ठेवता गाडी हाताने पुढेमागे ढकलून बघा. हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच चालू बाजूला आहे का. मागच्या बाजूला दोरीला बांधलेली पिन असते, मूल पडलं तर पालकाने ओढायची म्हणून, ती पूर्ण आत बसलीय का. त्या पिनच्या खाचेत वाळू जाते आणि पिन दिसायला बसलेली पण आत अर्धा मिलिमीटर बाहेरच राहते. रिमोटवाली गाडी असेल तर रिमोटने लॉक झालेली नाही ना, रिमोटचा सेल पावसाळ्यात उतरलेला असतो आणि गाडी लॉकमध्येच अडकलेली असते.

मग ब्रेक. बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ब्रेक दाबा आणि मागचा लाल दिवा लागतो का बघा, दिवा लागत नसेल तर तो स्विच काम करत नाही असं धरून चाला (बल्बही गेलेला असू शकतो, पण आधी स्विच बघा). लिव्हरच्या बुडाशी तो काळा छोटा स्विच असतो, त्याचं बटण खाऱ्या हवेने आत चिकटतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा लिव्हर दाबून सोडलं की बऱ्याचदा सुटतं. गेल्या दिवाळीत एका पोराची गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नवी बॅटरी, नवा रिले आणि नवी सेल्फ मोटर आधीच पडलेली होती, आणि मी फक्त हा स्विच साफ केला. त्याचे गेलेले पैसे आठवले की मला अजून वाईट वाटतं.

हे स्विच इतके का बघायचे, तर ते दोन प्रकारे त्रास देतात. काही सेल्फच बंद करतात, ते लगेच लक्षात येतं. पण काही सेल्फ चालू ठेवून फक्त ठिणगी बंद करतात, लाल स्विच, पिन आणि रिमोटचा डबा असेच असतात, इंजिन छान फिरतं आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

पेट्रोल, आणि इथे जरा थांबून वाचा

माझ्याकडे ऑक्टोबरात येणाऱ्या गाड्यांतल्या अर्ध्याहून जास्त गाड्यांचं दुखणं इथेच असतं.

सोपं आधी. टाकीत पेट्रोल आहे का, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू आहे का. मग टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं, ते वाळूने आणि मिठाने बुजलं की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि काही वेळाने पेट्रोल उतरायचंच थांबतं. दहा मिनिटं चालून बंद पडणारी गाडी ती हीच. बंद पडली की लगेच झाकण उघडा, 'फस्स' करून हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालू झाली तर दुखणं सापडलं, झाकण गोड्या पाण्याने धुऊन, फुंकून, वाळवून लावा, खर्च शून्य.

आता जुनं पेट्रोल. मे महिन्यात भरलेलं पेट्रोल ऑक्टोबरात वापरायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. पूर्वी जुनं पेट्रोल थोडं हट्ट करून पेटायचं तरी, आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात अर्धवट भरलेल्या टाकीत ओलाव्याला काय कमी. ठराविक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच मिसळून राहतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. कार्ब्युरेटरला जाणारी नळी पण तळातूनच निघते. म्हणजे तुम्ही वरून कितीही ताजं पेट्रोल ओता, इंजिनला मिळतं ते खालचं पाणी. 'नवीन दोन लिटर टाकलं तरी चालू होत नाही' याचं कारण हे.

बघायचं कसं? कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करा, खाली स्वच्छ, पारदर्शक काचेची बाटली धरा, स्क्रू सैल करा आणि वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या. दोन मिनिटं बाटली स्थिर ठेवा आणि उजेडात धरून बघा. खाली वेगळा थर दिसला, किंवा पाण्याचे गोल थेंब तळाशी फिरताना दिसले की प्रश्न मिटला, टाकी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, नळीतला फिल्टर बदलायचा आणि ताजं पेट्रोल भरायचं. वाटीतून काहीच आलं नाही तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतच नाहीये, मग मागे मागे जात बघा, फिल्टर तुंबलाय की नळी दुमडलीय की कॉक.

हे काम उघड्यावर, सावलीत, इंजिन थंड असताना, बॅटरीची मायनस वायर काढून करा आणि जवळपास विडी-सिगारेट, चूल काही नको. काढलेलं पेट्रोल वाळूत ओतू नका, किनारा आपलाच आहे, बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

चोकचं पण सांगून टाकतो. आपल्याकडे थंडी नाही म्हणून लोक चोक विसरतात, पण चार महिने बंद असलेली गाडी पहिल्यांदा चालू करताना चोक लागतोच. उलट चालू झाल्यावर चोक तसाच राहिला तर पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतो आणि परत चालू होत नाही. पेट्रोलचा भपकन वास येत असेल तर चोक बंद करा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा, जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडतं. पाच सेकंदांच्या वर एका वेळी कधीच सेल्फ मारू नका, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबा, त्या छोट्या मोटरची कॉईल तापून जळते.

एअर फिल्टर

लांबड लावत नाही. काढा, बघा, स्पंज ओला किंवा वाळूने गच्च भरलेला असेल तर हवा जात नाही, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइलचे चार थेंब चोळा आणि लावा. पण फिल्टर काढून ठेवून गाडी चालवू नका, एक फेरीसुद्धा नाही. वाळू आत गेली की रिंग आणि बोअर घासून खाते आणि मग जो खर्च येतो तो अख्ख्या सीझनचा.

बॅटरी आणि टर्मिनल

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, ती बुरशी नाही, क्षार आहेत. दिसायला वायर जोडलेली असते पण मधल्या क्षाराच्या थरातून सेल्फला लागणारा करंट जात नाही. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, म्हणून माणूस म्हणतो बॅटरी चांगली आहे, पण दिव्याला लागणारा करंट किती आणि सेल्फला लागणारा किती, काही तुलनाच नाही. काढताना आधी मायनस मग प्लस, लावताना आधी प्लस मग मायनस. पॉलिश पेपरने घासा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन चोळा. तसंच मायनस वायरचं दुसरं टोक जिथे चेसीला किंवा इंजिनला बोल्टने लावलंय तेही काढून घासा. हे दुसरं टोक कुणीच बघत नाही आणि आमच्या खाऱ्या हवेत अर्थिंग तिथेच जातं.

फ्यूज बॅटरीजवळच असतो, काढून बघा, आतली तार तुटलीय का. नवा त्याच अँपिअरचा टाका. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची नाही, माझ्या समोर एका गाडीचं अख्खं वायरिंग त्यामुळे जळालंय, सीटसकट.

मग मल्टीमीटर. तीनशे-चारशे रुपयांत मिळतो, घेऊनच ठेवा. रात्रभर उभी असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ किंवा कमी असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर. आणि खरी परीक्षा सेल्फ मारताना, मीटर लावून ठेवा आणि बटण दाबा, आकडा १० च्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही, नुसती उभी असताना १२.६ दाखवते म्हणून फसू नका. चार्जिंग सावकाश करायचं, बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाने, म्हणजे ५ एएचची असेल तर अर्धा अँपिअर. कारच्या बॅटरीच्या मोठ्या चार्जरवर लावून तासाभरात फुगवलेल्या बॅटऱ्या मी बऱ्याच बघितल्यात. कारवरून जंप द्यायचा असेल तर कारचं इंजिन बंद ठेवून.

काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून रिले शॉर्ट करतात. मी पोरांना हे करू देत नाही. एक तर ठिणग्या उडतात आणि वरच टाकी, आणि दुसरं म्हणजे असं केल्यावर ब्रेकचा आणि न्यूट्रलचा स्विच बाजूला पडतो, गाडी गिअरमध्ये राहिलेली असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसावर जाते.

प्लग सगळं सांगतो

इतकं करूनही इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर आता प्लग काढायचा. १६ मिमीचा प्लग पाना लागतो, स्प्लेंडरचा चालतो. काढायच्या आधी भोवतालची वाळू फुंकून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

पाच-सहा वेळा सेल्फ मारून काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत येत नाही, परत पेट्रोलच्या बाजूला जा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, ठिणगी तपासा. काळा आणि काजळीने भरलेला असेल तर चोक अडकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. आणि पाण्याचे थेंब असतील तर वर लिहिलेलं जुनं पेट्रोल, किंवा गाडी लाटेत गेली होती.

आता ठिणगी. याआधी पेट्रोल काढलं असेल तर सगळं पुसून, बाटली लांब नेऊन, वास गेल्यावरच. प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. धरायला प्लास्टिकची मूठ असलेली पक्कड, उघड्या हाताने धरू नका, जोराचा झटका बसतो. सेल्फ मारा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी, मलूल, कधी येते कधी नाही, अशी असेल तर ती नसल्यासारखीच, कारण बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं आणि आत दाबाखाली अवघड.

ठिणगी नाही? तर आधी नवीन प्लग. ए७टीसी हा नंबर बहुतेक गाड्यांना, एनजीकेचा सी७एचएसए पण बसतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. शे-दीडशेचं काम, म्हणून हे आधी. लावताना पहिले आटे हाताने फिरवा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पान्याने वाकडा घातला की आटे गेले. हाताने पूर्ण बसला की नवा प्लग पान्याने अर्धा फेरा, बस्स.

मग प्लगची कॅप. ती वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा, वायरचं टोक काळं-हिरवं झालं असेल तर पाचेक मिमी कापून टाका आणि परत फिरवून बसवा. खाऱ्या हवेत हे टोक नक्की सडतं.

तरी ठिणगी नाही, तर पुन्हा ते स्विच, पण आता पक्कं करायचं. सीडीआयच्या सॉकेटमधून एक बंद करायची वायर निघते, माझ्या हातून गेलेल्या बहुतेक गाड्यांत ती काळी-पांढरी होती. लाल स्विच, पिन, चावी, रिमोटचा डबा, हे सगळे ह्याच वायरला चेसीशी जोडून, म्हणजे अर्थ करून, ठिणगी बंद करतात. ती वायर तात्पुरती सोडवा आणि परत ठिणगी बघा. आली, तर सीडीआय आणि कॉईल चांगली आहे, दुखणं स्विचमध्ये. मग वायर परत जोडून एकेक स्विच सोडवत जायचं, रिमोटच्या डब्यापासून सुरुवात करा, तो सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघतो. फक्त लक्षात ठेवा, ती वायर सुटलेली असताना गाडी चालू झाली तर चावीने बंद होणार नाही, पेट्रोलचा कॉक बंद करून किंवा चोक पूर्ण ओढूनच बंद होईल. म्हणून हे न्यूट्रलमध्ये, मागची चाकं उचलून, फक्त तपासणीपुरतं करायचं. ती वायर सुटलेलीच ठेवून गिऱ्हाइकाला गाडी कुणीही द्यायची नाही. ती पिन कुणाच्या तरी लेकरासाठी लावलेली आहे.

वायर सोडूनही ठिणगी नसेल तर मीटरने पिकअप कॉईल (ठिणगीची वेळ सीडीआयला कळवणारी) बघा, साधारण १०० ते २०० ओहमच्या मध्ये आकडा येतो, काहीच दाखवत नसेल तर वायर तुटलीय किंवा कॉईल गेलीय. सीडीआय तपासायचा घरगुती उपाय एकच, शेजाऱ्याच्या तशाच चालू गाडीचा काढून लावून बघणं. पिना आणि सॉकेट जुळलं तरच. मी तर म्हणतो पहिल्या दिवशी सीडीआय विकत घेऊच नका, लोक जेवढा समजतात तेवढा तो जात नाही.

कार्ब्युरेटर खोलणं

ठिणगी चांगली, पेट्रोल ताजं, वाटीत पेट्रोल येतंय, तरी प्लग कोरडा आणि फक्त चोक ओढूनच जेमतेम पेटते, तर पायलट जेट (कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल येतं) तुंबलाय. त्याचं भोक केसाएवढं, आणि वाटीत सुकलेल्या पेट्रोलची जी चिकट मळी होते ती पहिली तिथेच बसते. कार्ब्युरेटर काढायच्या आधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा. हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तितकेच फेरे बाहेर. जेट कार्ब क्लीनरने भिजवा, हवा मारा आणि उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसतंय का बघा. तार, सुई, टाचणी घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते आणि प्लग काळा करते. क्लीनर मारताना डोळ्यांना चष्मा लावा, एका बाजूने मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येतो.

गरम झाल्यावर चालू न होणारी गाडी

सकाळी पहिल्या बटणाला चालू, चार फेऱ्या मारल्या, बंद केली, आणि आता गिऱ्हाईक उभं आहे पण गाडी चालू होत नाही, अर्ध्या तासाने आपोआप होते. इथे बऱ्याच वेळा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे, फट ठरवणारे स्क्रू) टाईट झालेले असतात. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट घासत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत संपते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि फटच नसल्याने पूर्ण बंद होत नाही, कम्प्रेशन गळतं. फट ०.०५ मिमी, दोन्ही व्हॉल्व्हला, इंजिन पूर्ण थंड असताना. मॅग्नेटवरची (इंजिनच्या बाजूला फिरणारं चुंबकाचं चाक) 'टी' खूण जुळवून, आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सैल लागतायत ना याची खात्री करून. ज्याने आधी कधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात धरलाय त्याने करावं, नाहीतर स्प्लेंडरवाल्या मिस्त्रीकडे न्या, त्याचं हे रोजचं काम.

कम्प्रेशन साधं बघायचं तर प्लग काढा, प्लगची कॅप लांब करा, लाल स्विच बंद, भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अंगठा जोरात उडायला हवा. गेज असेल तर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडून मोजा, १२० पीएसआयच्या वर असेल तर ठीक, ९० च्या खाली असेल आणि टॅपेट बरोबर असतील तर आत काम आहे.

कुठे थांबायचं

आता हे नीट वाचा. कम्प्रेशन कमी निघालं की थांबा. हेड, रिंग, बोअर हे अंगणातलं काम नाही, इथून पुढे मिस्त्री. सेल्फचा वन-वे क्लच तसाच, त्यासाठी मॅग्नेट काढायला पुलर लागतो, हातोडीने मॅग्नेट ठोकून काढू नका, आतली चुंबकं सुटतात. वायर जळाल्याचा वास येत असेल, फ्यूज बदलला की लगेच परत जात असेल, वायर हाताला गरम लागत असेल, तर बॅटरीची मायनस काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. टाकीतून किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकत असेल तर सेल्फ मारायचाच नाही.

आणि गाडी समुद्रात बुडाली असेल, लाट इंजिनवरून गेली असेल, तर बटणाला हात पण लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. ऑइलच्या काडीवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंच समजा. बॅटरी काढा, बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या, उद्यावर टाकू नका, खाऱ्या पाण्याने बेअरिंगला एका रात्रीत गंज धरतो.

मिस्त्रीला फोन करताना नुसतं 'चालू होत नाही' सांगू नका. बटण दाबल्यावर आवाज कसला येतो, बॅटरी सेल्फ मारताना किती व्होल्टवर जाते, प्लग ओला की कोरडा, ठिणगी निळी की पिवळी की नाहीच, पेट्रोल कधीचं, बाटलीत पाणी दिसलं का, आणि तुम्ही आत्तापर्यंत काय काय बदललंय, हे थोडक्यात कागदावर लिहून मग फोन लावा. एवढं कळलं तर कुठलाही बरा मिस्त्री निघतानाच बरोबर सामान घेऊन येतो आणि तुमची दुसरी खेप वाचते.